पऱ्यातल्या काळ्या पिशव्या

"तुमच्या कोळशाबद्दल लिहा," असं मला पहिल्यांदा सांगितलं गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी टाळत आलो आहे. एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे केलं, एकदा मुलीचं बाळंतपण. एका वर्षी तर लेख पोस्टात हरवला असं धडधडीत खोटं सांगितलं. यंदा दिवाळी अंकाचे संपादक स्वतः रत्नागिरीला घरी आले, पडवीत बसून दोन कप चहा प्याले आणि "नाही म्हणू नका काका" एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. माझ्या वयाला पुढच्या दिवाळीचा वायदा करणं बरं दिसत नाही.

कोळशाबद्दल लिहायला मला आवडलंच असतं. आयुष्यात अभिमान वाटावा असं जे थोडं हातून झालं, त्यात तो कोळसा पहिला येतो. पण तो सांगायचा तर सुलोचना वहिनींबद्दल सांगावं लागतं, आणि तिथे येऊन माझं पेन थांबायचं. यंदा थांबवायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गावोगाव मला लोक "सर" म्हणतात. मी सर नव्हतो. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहाय्यक होतो. चंचुपात्रं धुणं, द्रावणं तयार करणं, मुलांनी फोडलेल्या ब्युरेटची नोंद ठेवणं आणि परीक्षेच्या दिवशी कुणाचा रंग का येत नाही ते लांबून ओळखणं, हे माझं काम. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विभागात एक मॅडम आल्या. त्या पाण्यातलं फॉस्फेट काढण्यासाठी जैवकोळशावर संशोधन करत होत्या. त्यांच्या भट्ट्या मी सांभाळल्या. त्यांची दुसरीकडे बदली झाली, माझी निवृत्ती झाली, भट्टी मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. मी परसात पत्र्याचं एक पिंप आणून ठेवलं आणि काम सुरू केलं.

फॉस्फेट म्हणजे काय, हे मी बायकांच्या बचतगटात जसं सांगायचो तसं सांगतो. ते झाडांचं अन्न आहे. शेतात हवं, पाण्यात नको. मोरीच्या पाण्यातून, शोषखड्ड्यातून, धुण्याच्या काही पावडरींतून, खतातून ते ओहोळात येतं आणि तळ्यात, विहिरीत जाऊन बसतं. डोळ्यांना दिसत नाही, वास नाही, चव नाही. पण पाण्यातलं शेवाळ त्याच्यावर माजतं. पाणी हिरवं होतं, मग ते शेवाळ मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि एका सकाळी मासे पोटं वर करून तरंगताना दिसतात. लोक म्हणतात कुणीतरी विष घातलं. विष कुणी घातलेलं नसतं, जेवण वाढलेलं असतं.

जैवकोळसा म्हणजे करवंट्या, तूस, काटक्या असलं काही हवा कोंडून जाळायचं. उघड्यावर जाळलं तर राख होते, कोंडून जाळलं तर कोळसा. हा कोळसा भिंगाखाली पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा पोकळ दिसतो. पाण्यातल्या पुष्कळ घाणी त्या पोकळ्यांत अडकतात. फॉस्फेट मात्र सहसा अडकत नाही, कारण कोळशाच्या अंगावर ज्या जातीचा विद्युतभार असतो त्याच जातीचा फॉस्फेटवर असतो. दोघं एकमेकांपासून लांब राहतात. म्हणून कोळशाला आधी लोहाचा किंवा चुन्याचा लेप चढवावा लागतो. लेप चढवलेला कोळसा फॉस्फेटला धरून ठेवतो. मॅडमचं सगळं संशोधन त्या लेपाचं होतं. हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही पहिल्या गावात मी बिनलेपाचा कोळसा घेऊन गेलो.

ते गाव वेळणेश्वरच्या अलीकडे आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. देवीच्या देवळापुढे चिऱ्यांनी बांधलेली चौकोनी तळी आहे. वरच्या वाडीच्या मागे बारमाही झरा आहे आणि त्याचं पाणी एका पऱ्यातून, म्हणजे लहानशा ओहोळातून, तळीत उतरतं. शिमग्याला पालखी निघायच्या आधी देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, याच तळीच्या पाण्याने उजळतात. पण वरच्या वाडीत घरं वाढली, नळ आले, मोऱ्या वाढल्या, आणि तळी वाटाण्याच्या आमटीसारखी हिरवी झाली. गावकीचे प्रमुख तात्या मला शोधत रत्नागिरीला आले.

"सर, शिमग्याच्या आदी कायतरी करा. देवीला असल्या पाण्यात कशी घालायची?"

मला एवढ्या मानाने बोलवायला तोवर कुणी आलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, भिजवून लेप चढवायचा, वाळवायचं, पुन्हा भाजायचं, याला वेळ लागतो. शिमगा जवळ होता. गावातच तूस होतं आणि गोठ्यांतून वाळलेलं शेण होतं. मी म्हटलं, साधा कोळसा घालू, अर्धं काम तरी होईल. शेण आणि तूस मिसळून चार पिंपं कोळसा पाडला, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरला आणि पऱ्यात आडवा बांध घालावा तशा त्या पिशव्या रचल्या.

पिशव्यांच्या खाली, पऱ्याच्या तोंडाशी, धुण्याचा एक मोठा दगड होता. तो सुलोचना वहिनींचा. गावचं परटाचं काम त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या होतं. देवीची वस्त्रं धुणं आणि पालखीपुढे पायघड्या घालणं हा त्या घराचा मान. नवरा गेल्यावर आणि मुलगा विरारला कामाला लागल्यावर त्या एकट्याच सगळं बघत. हल्ली किनाऱ्यावर लॉज झाले होते, त्यांच्या चादरीही त्यांच्याकडे येत. बाई उंच, हाडापेराने मजबूत, आणि तोंडाने फटकळ. मी पाण्याचे नमुने तपासत देवळाच्या ओट्यावर बसलो की इस्त्रीचा गठ्ठा डोक्यावर घेऊन उभ्या राहत.

फॉस्फेटची तपासणी रंगावर होते. पाण्यात ठरावीक रसायनं घातली की निळा रंग चढतो. जितकं निळं तितकं फॉस्फेट जास्त. त्यांनी एकदा ती परीक्षानळी पाहिली आणि म्हणाल्या, "सर, नीळच घालायची होती तर माज्याकडं मागायची. इतक्या लांबून कशाला आणलाव?"

ओट्यावरची माणसं हसली. मीही हसलो, पण मनातून मला ते आवडलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी दोन ठिकाणचं पाणी तपासलं. पिशव्यांच्या वरचं आणि तळीच्या तोंडाचं. खालचं पाणी वरच्यापेक्षा कमी निळं यायला हवं होतं. ते जास्त निळं आलं, आणि थोडंथोडकं नाही, दुपटीच्या वर. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच.

आता विचार करा. वरच्या आणि खालच्या जागेच्या मध्ये दोनच गोष्टी होत्या. माझ्या पिशव्या आणि वहिनींचा दगड. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल की दोघांची तपासणी करायला हवी. त्यासाठी एक अगदी साधी गोष्ट असते, तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. स्वच्छ ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचं, त्यात आपलाच कोळसा टाकून ठेवायचा आणि ते पाणी तपासायचं. रंग आला नाही तर कोळसा निर्दोष. तीस-बत्तीस वर्षं मी मुलांच्या डोक्यावर उभा राहून ओरडत आलो होतो, कोरा नमुना आधी, मग बाकीचं. त्या दिवशी ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन रिकामा होता आणि मला दगडावर लॉजच्या चादरी दिसत होत्या. मी अहवाल लिहिला. 'पऱ्याच्या तोंडाशी होणाऱ्या धुण्यामुळे तळीत फॉस्फेट वाढत आहे.' खाली सही केली. कॉलेजचा जुना शिक्का माझ्याजवळ होता. तो मारण्याचा मला अधिकार नव्हता. तोही मारला.

गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. तात्यांनी कागद वाचून दाखवला. वहिनी खांबाशी उभ्या होत्या, त्या पुढे आल्या.

"तात्यानू, सरांच्या पिशव्या पडल्यापासून मी त्या दगडावर एक कापड धुतलेलं नाय. पाणी काळं येतं. पांढऱ्या चादरीला डाग पडतात. मी घरच्या बावीचं पाणी काढून धुते. इचारा कुणालाही."

"चादरी दगडावर दिसतात त्या?" मी विचारलं.

"सुकत घालते मी तिथं. धूत नाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "रोज कोण बघायला जातंय?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी शिकलेले. मला एक सांगा. आमी तरव्याला भाजवळ कशाला करतो? शेण-पातेरा जाळतो जमिनीवर, मग तिथं भात पेरतो. का? जळलेल्या शेणानं रोप जोमात येतं म्हणून ना? तुमी शेण जाळून पऱ्यात घातलाव. आनी आता म्हणताव तळीत हिरवं का उगवलं."

सभामंडप हसला. तात्यासुद्धा हसले. मी म्हटलं, "वहिनी, भाजवळ म्हणजे राख. हा कोळसा आहे. दोन्हीत शास्त्रीय फरक आहे." वाक्य खरं होतं. त्याचा त्यांच्या मुद्द्याशी काही संबंध नव्हता. पण 'शास्त्रीय' म्हटल्यावर मंडप गप्प झाला.

तेव्हा वहिनींनी शेवटचं मागणं केलं. "मग देवीला कौल लावा. गुरवाला बोलवा. देवी सांगंल कोन खरा ते."

कौल म्हणजे देवीच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी कळी पडली की डावी यावरून उत्तर घेतात. आमच्याकडे जमिनीच्या हद्दीपासून लग्नापर्यंत सगळ्याला कौल लागतो. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"सरांनी शिक्क्याचा कागद दिलाय. आता कौल कशाला?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. आयुष्यभर मी बघत आलो होतो की लोक प्रयोगापेक्षा कळीवर विश्वास ठेवतात. आज पहिल्यांदा गावाने कळी बाजूला ठेवून कागद मानला. विज्ञान जिंकलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा. त्या कागदामागे विज्ञान नव्हतंच, हे मला तेव्हा दिसलं नाही.

दगड उखडला गेला. वहिनींना तळीवर यायला बंदी झाली. आणि तळी विटाळल्याबद्दल त्या वर्षीचा पायघड्यांचा मान काढून घेतला. शिमग्याला पालखीपुढे मंडपवाल्याचा लाल गालिचा अंथरला. वहिनी आपल्या दारात उभ्या होत्या. पालखी त्यांच्या दारापर्यंत गेली, ओटी भरून घेतली, पुढे गेली. त्या पालखीकडे पाहत होत्या आणि मी त्या गालिच्याकडे.

शिमगा उलटल्यावर मी पुन्हा पाणी तपासलं. दगड गेला, चादरी गेल्या, निळा रंग तेवढाच राहिला. मग मी घरी येऊन, ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीत त्या पिशवीतला मूठभर कोळसा टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासला. इतका गडद निळा मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. शेणातलं सगळं फॉस्फेट कोळशात उतरलं होतं आणि पाण्यात सुटत होतं. मी पऱ्यात खत रचून ठेवलं होतं. वहिनींनी भर मंडपात, भाजवळीच्या भाषेत, अचूक निदान केलं होतं.

मी त्याच दिवशी गावात गेलो आणि पिशव्या काढल्या. तात्यांना सांगितलं, "ह्या जुन्या झाल्या, नव्या घालतो." हे वाक्य मी रस्त्यात, गाडीत, घोकून ठेवलं होतं.

आता अभिमानाचा भाग. तो मी कमी करून सांगणार नाही, कारण तोही खरा आहे.

लेपासाठी बाजारातलं शुद्ध रसायन गावांना परवडणारं नव्हतं. मी विचार करत होतो आणि मला आमच्या कोकणच्या जमिनीबद्दलची जुनी तक्रार आठवली. इथल्या तांबड्या मातीत सुपर फॉस्फेट घातलं की ते झाडाला मिळतच नाही, माती धरून बसते. मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरलेलं, ते फॉस्फेट सोडत नाही. शेतकऱ्याचं जे दुखणं, तेच मला हवं होतं. मी चिरेखाण असलेल्या इब्राहिमभाईंकडे गेलो. चिरे कापताना जांभ्या दगडाचा तांबडा भुगा पडतो, त्याचे ढीग खाणीच्या कडेला असतात.

"भुगा?" ते म्हणाले. "सर, आजवर लोक इथं भुगा टाकू नका म्हणून भांडायला येतात. न्यायला पहिले तुमी."

"किती नेऊ?"

"डंपर पाठवू?"

बारीक चाळलेला भुगा, थोडं हिराकस, चुन्याची निवळी. त्यात करवंट्यांचा कोळसा भिजवायचा, सावलीत वाळवायचा आणि कोंडलेल्या पिंपात पुन्हा भाजायचा. बाहेर येताना खडे काळे न राहता विटकरी झाक घेऊन येतात. या खेपेला पहिलं काम कोऱ्या नमुन्याचं केलं. नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. मग तळीचं पाणी त्या खड्यांतून गाळलं, तीही जवळजवळ स्वच्छ. मी ती नळी खिडकीत धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बायको म्हणाली, "अहो, पाणीच आहे ना ते?" मी म्हटलं, "हो, नुसतं पाणी आहे."

पऱ्यात नव्या पिशव्या घातल्या. दर दोन महिन्यांनी बदलल्या. पहिल्या वर्षी तळी फिकट झाली. दुसऱ्या वर्षी चौथी पायरी दिसली, मग सातवी, आणि माघात एकदा तळ दिसला. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की तळाला चिऱ्यात कोरलेलं कमळ आहे हे ते फक्त ऐकून होते. ते कमळ मी पाहिलं. वापरलेले खडे वाया जात नाहीत. धरलेलं फॉस्फेट ते मातीत फार हळू सोडतात, म्हणून आंबेवाले ते कलमांच्या आळ्यात घालायला नेऊ लागले.

मग मागण्या आल्या. तऱ्हेतऱ्हेचे लोक आले. एका गृहस्थांना वाटलं की हा कोळसा पोटातल्या गॅसवर चालेल, त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि दात तांबडे करून घरी गेले. एका आजींनी दंतमंजन म्हणून मागितला. खाडीकाठच्या एकांना विहिरीचं खारं पाणी गोड करून हवं होतं. त्यांना मी हात जोडून सांगितलं की हा खडा एकच काम करतो, मिठाला हात लावत नाही. ते म्हणाले, "मग उपयोग काय?" आणि चहा न घेता गेले.

एका कोळंबी प्रकल्पाच्या व्यवस्थापकाने आमच्या पिशव्या नेल्या. सांडपाण्याच्या पाटात त्या रोज असायला हव्या होत्या. मी न कळवता गेलो तेव्हा पिशव्या पाटातच होत्या. पण खालच्या बाजूच्या मासेमारांची पाणी हिरवं असल्याची तक्रार चालूच होती. मी एका पिशवीतला खडा घेऊन फोडला, आणि तिथेच तपासला. दोन महिने पाण्यात असलेल्या खड्याने काहीतरी धरलेलं असायला हवं. तो कोरा होता.

"या पिशव्या कधी घातल्यात?" मी विचारलं.

"सर, पहिल्यापासून आहेत."

"खडा म्हणतो आत्ताच घातल्या."

गेटवरच्या माणसाने मी आल्याचं पाहून फोन केला असणार, किंवा कुणी येणार अशी कुणकुण असणार. पण तेव्हापासून पिशव्या पाटात राहिल्या आणि खाडीचं पाणी सुधारलं. मासेमारांनी मला एकदा ताजी शेंगटी मासळी आणून दिली. ती गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा सांगितली आहे. खड्याची साक्ष काढली, असं म्हणायचो. ज्या गावात मी खड्याची साक्ष काढली नाही, त्या गावाबद्दल कधी बोललो नाही.

तळीचा तळ दिसला त्या वर्षी गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, देवीचा फोटो. तात्यांनी भाषण केलं. "सरांनी आदी पाणी घाण करणारं शोदून काढलं, आनी मग तळी साफ केली." टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक हातात होता. वहिनी बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तळीवरची बंदी तोवर कुणी पाळत नव्हतं, पण पायघड्यांचा मान परत दिलेला नव्हता. गालिचाच चालू होता. तो सोयीचा पडतो, म्हणत.

मी जांभ्या दगडाच्या भुग्यावर दहा मिनिटं बोललो.

जेवणाच्या पंगतीनंतर वहिनी माझ्याजवळ आल्या. "सर, पाणी आता साफ येतं. बरं केलाव." एवढंच बोलून त्या पत्रावळी उचलायला गेल्या. कुजकटपणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग उद्या जा आणि सांगून या. त्यात काय एवढं?" मी गेलो. एकदा नाही, चार वेळा. दर वेळी सोबत शर्ट घेऊन गेलो, उगाच कशाला आलात असं विचारलं तर काहीतरी हातात हवं म्हणून. रत्नागिरीहून गुहागर तालुक्यात इस्त्रीसाठी शर्ट कोण नेतं? त्या काहीच विचारत नसत. कोळशाच्या इस्त्रीवर पाणी शिंपडून तापमान बघायच्या, शर्ट घडी घालून द्यायच्या, मुलाच्या चाळीतल्या पाण्याबद्दल सांगायच्या. चौथ्या वेळी म्हणाल्या, "सर, ह्या शर्टाची घडी मोडलेलीच नाय. काय बोलायचंय काय?"

"नाही, नाही. इकडून जात होतो."

"बरं," म्हणाल्या, आणि शर्ट तसाच परत दिला.

नंतर मी तात्यांकडे गेलो. मला वाटलं, चूक मंडपात झाली, तर दुरुस्तीही मंडपात व्हावी. एक पानभर लिहून नेलं होतं, पहिल्या अहवालाची दुरुस्ती म्हणून. तात्यांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"सर, हे आता वाचून काय करायचं? शेजारची दोन गावं तुमच्या पिशव्या घेणार म्हणतायत. त्यांना कळलं की पहिल्यांदा तुमीच पाणी बिगडवलंव, तर घेतील? आनी गावानं एका बाईचा मान चुकून काढला असं भर सभेत कसं बोलायचं? दहा तोंडं दहा बोलतील. सुलोचना काय बोलते का? नाय. मग?"

मी म्हणायला हवं होतं की ती बोलली होती, आपण ऐकलं नाही. मी कागद घडी करून खिशात घातला. दोन गावांचं काम मला हवं होतं. ते झालंही. दोन्हींची पाणी आज स्वच्छ आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे, आणि त्यातला प्रत्येक खडा मी त्या दिवशी गप्प बसून मिळवला आहे.

पुढच्या वर्षी वहिनींचे गुडघे गेले. मुलगा येऊन त्यांना विरारला घेऊन गेला. मी मुलाचा पत्ता मिळवला, तो कपाटात ठेवला. गेल्या वर्षी तात्यांच्या मुलाकडून सहज बोलता बोलता कळलं की त्या गेल्या. केव्हा, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

तो पानभर कागद अजून माझ्याकडे आहे. त्यात आकडे आहेत, पिशव्यांच्या जागा आहेत, आणि शेवटी चार ओळी आहेत. आकडे इथे देत नाही. त्या चार ओळी देवळाच्या सभामंडपात, गावासमोर, वहिनी समोर असताना वाचायच्या होत्या. त्या अशा आहेत:

'सुलोचना वहिनी, तुमच्या दगडावरून तळीत काहीही गेलं नाही. जे गेलं ते माझ्या पिशव्यांतून गेलं. तुम्ही ते इथेच सांगितलं होतं. ते खरं की खोटं हे मला एका बाटलीत तपासता आलं असतं, आणि मी तपासलं नाही. तपासल्यावर कळलं, तेव्हाही मी सांगितलं नाही. पहिली चूक कामात झाली, दुसरी मी समजून केली. पायघड्यांचा मान तुमच्या घराचा आहे आणि तो माझ्या खोट्या कागदाने गेला. तो गावाने परत द्यावा. मी तुमची हात जोडून माफी मागतो.'